शिकायला दिलेल्या ज्वारीचं व्याज

धुरपताबाई सोनकांबळे लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात शिरली की अडतदुकानातले लोक तराजू नीट धरायचे. ती भांडखोर होती असं नव्हे. पण माप कमी पडलं तर ती ओरडायची नाही, कमरेवर हात ठेवून हसत उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून म्हणायची, "बगा बरं भाऊ, ह्या पायलीला आज ताप आलाय का, लई रोडावली." चारचौघं हसली की दुकानदार आपणहून दोन मुठी जास्त टाकायचा.

अशा बाईच्या हाती वस्तीनं मुठीचा फंड दिला होता, त्यात नवल नाही. तिचं गाव मुरुडहून पायी जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता येईल एवढ्या अंतरावर. छप्पन्न साली सगळी वस्ती बौद्ध झाली, तेव्हापासून विहाराचं स्वप्न होतं. पैसा कुणाकडेच नव्हता. मग बायांनी ठरवलं, दळण टाकायच्या आधी घरटी एक मूठ ज्वारी बाजूला काढायची आणि रविवारी धुरपताबाईच्या ओसरीवरच्या कणगीत आणून टाकायची. कणगी भरली की ज्वारी विकायची, विटा घ्यायच्या. धुरपताबाईचा नवरा मारोती गवंडी होता. तो म्हणायचा, "तुम्ही विटा आणा, मजुरी माझी फुकट." एवढं बोलला की आठवडाभराचं त्याचं बोलणं संपायचं.

धुरपताबाईनं शाळेची पायरी चढलेली नव्हती. तिच्या दोन्ही पोरांना तिनं मारून-मुटकून चौथीपर्यंत नेलं, पुढं ती बापाच्या हाताखाली गारा कालवायला गेली आणि तिथंच रमली. याचं तिला आतून वाईट वाटायचं. ती कधी बोलली नाही, पण वस्तीतलं एखादं पोरगं पाटी-दप्तर घेऊन दारावरून गेलं की ती हातातलं काम थांबवून बघत राहायची.

सत्तर सालचा उन्हाळा संपत आला तेव्हा नागुबाईचा भुजंग मॅट्रिक पास झाला, तोही फर्स्ट क्लासमध्ये. नागुबाई विधवा, रोजानं जाणारी. पोराला नांदेडला ओव्हरसियरच्या कोर्सला जागा मिळाली. मुरुडच्या हायस्कुलातले उद्धव मास्तर स्वतः सायकल हाणत वस्तीवर आले आणि म्हणाले, "नागुबाई, पोराला पाठवा. स्कॉलरशिप मिळेल त्याला. पण ती सरकारी आहे, यायला वर्ष लागेल. तोवर खोलीभाडं, खानावळ आणि पुस्तकं यांचं तुम्हाला बघावं लागेल."

नागुबाईनं मान हलवली आणि घरात जाऊन रडली. ते धुरपताबाईला कळलं. त्या रविवारी बाया मूठ घेऊन आल्या तशी ती ओसरीवर उभी राहिली.

"कणगीत तीन पोती हायती," ती म्हणाली. "विटा काय, पुढच्या साली बी येत्याल. भुजंगाची नांदेडची जागा पुढच्या साली राहील का?"

बायांनी आणलेल्या मुठी तशाच हातात धरल्या. बुद्धाच्या घरासाठी काढलेली ज्वारी. शेवटी म्हातारी सरजाबाई पुढं सरकली. सरजाबाई वस्तीतली सगळ्यांत वयस्कर बाई. तिच्या तोंडून सहसा कौतुक निघायचं नाही, पण ती बोलली की लोक ऐकायचे.

"द्या की. मी कुठं नगं म्हणून राहिले? विहारात बसून अडाण्यासारखं बघण्यापरीस पोरगं शिकलेलं बरं. पर व्याज किती?"

"व्याज?" धुरपताबाईला हसू आलं. "अक्का, पोरगं शिकाया चाललंय, म्हैस घ्यायला न्हाई."

"म्हैस घेणारा निदान दूध तरी दाखवतोय. ह्यो नांदेडला जाऊन काय दाखवणार?"

बाया खदखदून हसल्या. सरजाबाई मात्र हसली नाही. "हसू नका. मी माझ्या तोंडातली मूठ काढून टाकली. ती तीन वर्षं नांदेडला राहणार. तेवढ्या वर्षांत दुसऱ्या कुणाच्या कामी आली असती. त्याचं काई मोल हाय का न्हाई?"

"आन् त्यो नापास झाला तर? नोकरी न्हाई लागली तर? तवा बी व्याज वाढतच राहील व्हय?" धुरपताबाईनं विचारलं.

संध्याकाळच्या भाकरी थापायच्या होत्या. परत देईल तेव्हा बघू, असं म्हणून बाया उठल्या. मारोतीनं बैलगाडीत पोती घातली, मुरुडला जाऊन विकली आणि रुमालात बांधलेले पैसे भुजंगाच्या हाती ठेवले. पोरगं नांदेडच्या गाडीत बसलं तेव्हा सगळी वस्ती सडकेवर गेली होती. सरजाबाईसुद्धा. तिनं त्याला बजावलं, "गुरुद्वाऱ्यात जेवायला मिळतंय म्हणत्यात. जात जा. खानावळीचे पैसे वाचतील."

पुढच्या साली पाऊस कमी झाला. त्याच्या पुढच्या साली तर आलाच नाही. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसं अजूनही त्याचं नाव काढलं की आधी गप्प होतात आणि मग सगळी एकदम बोलू लागतात. विहिरी तळाला गेल्या. जित्राबं विकली गेली. रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना तुटायची. गावाच्या माळावर पाझर तलावाचं सरकारी काम निघालं आणि सगळी वस्ती टोपली-कुदळ घेऊन तिथं गेली. दुपारी सुकडी वाटायचे. ती गोड असायची म्हणून लहान पोरं दुष्काळाला नावं ठेवायला तयार नव्हती.

कणगी रिकामी पडली. मूठ काढायला घरात दाणेच नव्हते. एक दिवस टोपली डोक्यावर घेताना सरजाबाई बोलून गेली, "तीन पोती असती तर आज घरटी दोन-दोन पायल्या वाटून घेतल्या असत्या."

तिनं ते भांडायला म्हटलं नव्हतं. दमून म्हटलं होतं. म्हणूनच ते धुरपताबाईला लागलं. आपण चुकलो का, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना. ज्यांच्या ताटातली भाकरी गेली त्यांना विचारून दिली होती खरी, पण ती मनवणारी आपणच होतो. घरी आल्यावर मारोतीला ती म्हणाली, "आपण लोकांचं खाणं नांदेडला धाडलं हो." मारोतीनं हातावरची माती धुतली. मग म्हणाला, "खाणं तर पोटातून बी गेलंच असतं."

दिवाळीच्या सुट्टीत भुजंग आला. उतरला तो थेट तलावावर गेला आणि आईच्या हातातली कुदळ घेतली. संध्याकाळी धुरपताबाईपुढं येऊन उभा राहिला. पोरगं वाळलं होतं, पण शर्ट स्वच्छ होता.

"काकू, मी आता जाणार न्हाई नांदेडला. कोर्स सोडतो. इथं कामाला लागतो आन् तुमची ज्वारी फेडतो. तुम्ही मिलो खाऊन राहिलात आन् मी तिथं पुस्तकं वाचून राहिलोय, मला घास गिळंना."

धुरपताबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग शेजारी पडलेली केरसुणी उचलली.

"गिळंना? आमच्या तीन पोत्यांचं अर्ध्यात माती करतोस व्हय? चुलीवर टाकलेली भाकरी अर्धी उचलून कुणी खातंय का? सुट्टी संपंस्तोवर राहा, काम कर, आईला बघ. सुट्टी संपली की नांदेडची गाडी धर, न्हाईतर ह्या केरसुणीनं तुला नांदेडपतोर हाणीत नेते."

भुजंग हसला, मग रडला, मग पुन्हा हसला. नागुबाई दारामागं उभी राहून ऐकत होती. तिनं पदर तोंडाला लावला.

सुट्टीभर पोरगं तलावावर राबलं. तिथं मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर मिळायची. मुकादम खड्ड्याच्या कडेला काठी लावायचा, जेवढी खोली दिसेल तेवढी लिहून घ्यायचा. लुच्चा माणूस नव्हता तो, त्याला कुणीतरी तसंच शिकवलं होतं. भुजंगानं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाला, "मामा, कडेला खड्डा उथळ असतोय. मधी बी काठी लावा, दुसऱ्या कडेला बी लावा. तिन्हीची सरासरी घ्यायची असती. कॉलेजात आम्हाला तसंच शिकवून राहिलेत."

मुकादमाला राग आला. "तू मला शिकवतोस?" म्हणून त्यानं काठी आपटली. पण दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर जीपमधून आला तेव्हा मुकादमानंच विचारलं, साहेब, हे पोरगं असं म्हणतंय. साहेब म्हणाले, पोरगं बरोबर म्हणतंय. पुढच्या पगाराच्या दिवशी बायांच्या हातात जास्त पैसे पडले. चहात गूळ पडला. सरजाबाईच्या घरी तर तेल आलं.

धुरपताबाई मुद्दाम तिच्या दाराशी गेली. "अक्का, आलं का व्याज?"

सरजाबाई दिव्यात वात घालत होती. तिनं मान वर केली नाही. "हे व्याज न्हाई. हे त्याचं इमान हाय. इमानाचे पैसे लावायला लागलीस तर त्या पोरानं जन्मभर फेडलं तरी फिटणार न्हाई. ज्वारीचं ज्वारीत बोल." मग जरा थांबून म्हणाली, "पर पोरगं गुणाचं निघालं. बस, च्या घे."

दुष्काळ सरला. भुजंग पास झाला आणि चौऱ्याहत्तर साली त्याला पाटबंधाऱ्याच्या कामावर नोकरी लागली, अर्धापूरच्या बाजूला. तिकडं केळीच्या बागा बघून त्यानं आईला पत्र लिहिलं की इथं जमीन अशी हिरवी आहे की डोळे दुखतात. पहिले काही पगार साठवून तो गावी आला. हातात केळीचा घड होता आणि खिशात पाकीट. रविवारी बायांपुढं त्यानं पाकीट धुरपताबाईच्या हाती दिलं. जेवढे पैसे त्याला मिळाले होते, तेवढेच. एक पैसा कमी नाही, एक जास्त नाही.

बायांनी टाळ्या वाजवल्या. केळी वाटली गेली. आणि मग सरजाबाईनं केळ्याचं साल बाजूला ठेवून विचारलं, "ह्या पैशात आज ज्वारी किती येती?"

मारोतीनं डोक्यात हिशेब केला. दुष्काळापासून ज्वारीचा भाव दुपटीच्या वर गेला होता. "दीड पोतं बी न्हाई," तो म्हणाला.

टाळ्या थांबल्या. भुजंगाचा चेहरा उतरला. "मी... मला जेवढे दिलते तेवढे मी..."

"तुझी चूक न्हाई, बाबा," सरजाबाई म्हणाली. "चूक आमची. आम्ही तवाच ठरवायला पायजे होतं. म्हणून मी म्हणत होते, व्याज लावा."

मग जो वाद पेटला तो दोन रविवार चालला. धुरपताबाईला व्याजाचं नावही नको होतं. शेवटी दोघींनी मिळून ठरवलं, उद्धव मास्तरांना बोलवायचं. मास्तर आले, त्यांना खाट दिली, चहा दिला. त्यांनी दोघींचं नीट ऐकून घेतलं.

"मला विचाराल तर थोडं व्याज असावं," ते म्हणाले. "बँक घेते, सोसायटी घेते. त्यात वाईट काही नाही. व्याजामुळे फंड जिवंत राहतो. नाहीतर भुजंगाला मिळालं तेवढं पुढच्या पोराला मिळणार नाही."

"तेच म्हणून राहिले मी," सरजाबाई म्हणाली.

धुरपताबाई उभी राहिली. तिला मास्तरांबद्दल फार आदर होता, त्यामुळं तिनं आधी पदर सावरला. "गुरुजी, एक इचारू? मुरुडच्या पेठेतल्या शेटजींचा पोरगा बी भुजंगासंगंच ओव्हरसियर झाला ना?"

"हो, झाला."

"त्याच्या बापानं फी भरली, खोली दिली, खानावळ दिली. हातातले पैसे देऊन मोकळा झाला. आमच्या भुजंगाला त्याच कोर्साला तेवढाच खर्च आला. आता वरून व्याज बी लावलं, तर तोच कागद आमच्या पोराला महाग पडला न्हाई का? ज्याच्यापाशी कमी, त्यानं जास्त द्यायचं? ह्यो कुठला कायदा?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई, हे मी कधी असं बघितलं नव्हतं. तुमचं म्हणणं बरोबर आहे." मग सरजाबाईकडं बघून म्हणाले, "आणि यांचंही बरोबर आहे. अडचण तीच आहे."

"अन् पोरीचं काय?" मागून एक बाई बोलली. "उद्या पोरगी शिकली, तिचं लगीन ठरलं, आन् तिच्यावर वाढतं कर्ज असलं तर कोण करील तिला?"

सगळ्या एकदम बोलू लागल्या. कुणी म्हणालं निम्मं व्याज, कुणी म्हणालं मुलांना व्याज आणि मुलींना नाही, कुणी म्हणालं जाऊ द्या, विहाराच्या विटा घ्या आणि मोकळ्या व्हा. सरजाबाईचा तोल सुटला. तिनं जमिनीवर हात आपटला.

"माझं कुणी ऐकून का घेत न्हाई? मला पैशाचं व्याज नगंच हाय! मी पैसे दिलेच कुठं? मी ज्वारी दिलती. मला माझी ज्वारी द्या. तीन पोती दिली, तीन पोती टाका कणगीत, झालं!"

मग धुरपताबाईनं सरजाबाईकडं असं बघितलं की जणू ती तिला पहिल्यांदाच दिसत होती.

"अक्का," ती म्हणाली, "मंग चार वर्षं भांडलीस कशापायी?"

"तूच व्याज-व्याज करीत होतीस."

"मी? का तू?"

मास्तर खाटेवर मांडी मारून हसत सुटले. "पोत्याला पोतं! भाव वाढला तरी फंड तेवढाच राहतो, आणि पोरावर एक दाणासुद्धा जास्त चढत नाही. हे व्याजही नाही आणि नुकसानही नाही. बाई, मला हे सुचलं नव्हतं."

"मला बी सुचलं नव्हतं," सरजाबाई प्रांजळपणे म्हणाली. "मी नुसती चिडले होते."

भुजंगानं पाकीट परत घेतलं आणि पुढच्या दोन पगारांची भर घालून मुरुडच्या धान्याच्या मोंढ्यातून तीन पोती ज्वारी आणली. पोती गाडीतून उतरली तेव्हा धुरपताबाईनं प्रत्येकात हात घालून दाणा बघितला, एक दाणा दाताखाली फोडला आणि म्हणाली, "हाव, पक्की हाय." नेम ठरला. शिकणाऱ्यानं घेतली तेवढी पोती, नोकरी किंवा धंदा लागल्यावर, आपल्या सोयीनं परत करायची. शिकत असताना काही नाही, काम नसताना काही नाही.

या नेमानं कणगी फिरू लागली. एक पोरगा डी.एड.ला गेला. रामकिशन नावाचा पोरगा लातूरला आयटीआयला गेला, पण मधेच आजारी पडून परत आला. त्याची दोन पोती बुडाली असं सगळ्यांनी धरलं. धुरपताबाईनं त्याला कधी टोकलं नाही. रामकिशननं शिलाईचं मशीन घेतलं, मुरुडच्या बाजारात बसू लागला आणि दर सुगीला पायली-पायली आणून टाकत राहिला. पहिल्यांदा आला तेव्हा त्याला लाज वाटत होती. धुरपताबाईनं पायली कणगीत ओतून घेतली आणि त्याला म्हणाली, "मला एक चोळी शिवून दे. पैसे देईन, फुकट नगं." मुठी चालूच होत्या, त्यातून सत्त्याहत्तर साली विहारही उभा राहिला. मारोतीनं शब्द पाळला, आणि त्याच्या दोन पोरांनी बापापेक्षा सरळ भिंत चढवली. धुरपताबाई त्या भिंतीसमोर बराच वेळ उभी होती. मग दोघांच्या पाठीवर तिनं एकेक थाप मारली.

मग सरजाबाईची नात बारावी झाली. महानंदा तिचं नाव. तिला लातूरला कॉमर्सला जायचं होतं. पोरीच्या जातीला एवढं शिकवायचं का, असा प्रश्न तिच्या बापाला पडला, पण सरजाबाईला पडला नाही. त्या रविवारी म्हातारी काठी टेकत ओसरीवर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मला कणगीतून चार पोती पायजेत. नातीसाठी."

धुरपताबाईनं या क्षणाची किती वर्षं वाट बघितली असेल. तिनं गंभीर चेहरा केला, कमरेवर हात ठेवले. "देते की. पर अक्का, व्याज किती लावू?"

बाया हसून लोळायच्या बाकी राहिल्या. सरजाबाईनं काठी उगारली. "लाव! दुप्पट लाव! माझी पोरगी फेडील!" आणि मग तीही हसली. तोंडातले राहिलेले दोन दात दिसेपर्यंत हसली.

महानंदा शिकली, पास झाली, टायपिंगही शिकली. पण नोकरी लागेना. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. ती एम्प्लॉयमेंटमध्ये नाव नोंदवून घरी बसली होती, खुरपायला जात होती. रविवारी मूठ घेऊन येताना ती कणगीकडं बघायची नाही. सरजाबाईच्या ते लक्षात यायचं. एकदा शेंगा फोडता फोडता ती धुरपताबाईला म्हणाली, "धुरपते, माझं ऐकून व्याज लावलं असतं तर आज ह्या पोरीवर किती पोती चढली असती गं?"

"मला काय मोजता येतंय?"

"मला बी न्हाई. पर झोप लागली नसती एवढी." मग म्हातारीनं फोडलेल्या शेंगांची ओंजळ धुरपताबाईच्या पदरात टाकली.

त्याच सुमारास पोरीला बघायला उदगीरकडचे पाहुणे आले. मुलगा शाळेत मास्तर होता. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाच्या बापानं घसा साफ करून विचारलं, "ऐकून हाव की पोरीच्या शिक्षणाला कर्ज काढलंय."

घरातली माणसं एकमेकांकडं बघू लागली. सरजाबाई मात्र ताठ बसली. "हाय. चार पोती ज्वारी. तिला नोकरी लागल्यावर ती देईल. तुमच्याकडून एक दाणा नगं."

"आन् वाढत चाललंय ना ते?"

"न्हाई. आमचं कर्ज वाढत न्हाई."

पाहुणा बघतच राहिला. "न वाढणारं कर्ज मी पहिल्यांदाच ऐकून राहिलो."

"मंग आमच्यात सोयरीक करा, आणखी लई ऐकाल," धुरपताबाई दारातून म्हणाली. पाहुणा हसला आणि लग्न ठरलं.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. इतके दिवस कुठलाही कागद उस्मानाबादला न्यावा लागायचा. आता जिल्हा लातुरातच आला. स्वातंत्र्यदिनी तिथं मोठा समारंभ होता. वस्तीनं ट्रक ठरवला. धुरपताबाई आयुष्यात पहिल्यांदा ट्रकच्या केबिनीत बसली आणि सगळ्या वाटेनं ड्रायव्हरला हळू चालव म्हणत राहिली. गंजगोलाईत, लातूरच्या गोल बाजारपेठेत, पताका लागल्या होत्या, पोरं नाचत होती, पेढे वाटले जात होते. ती गर्दीत इकडं-तिकडं बघत म्हणाली, "जिल्हा कुठाय पर? मला जिल्हा दावा."

मारोती म्हणाला, "तू उभी हायस त्योच."

"एवढाच? मला वाटलं काहीतरी बांधलं असंल."

बांधलेलं काही नव्हतं खरं, पण कचेऱ्या निघायला लागल्या. त्यांना कारकून पाहिजे होते, टायपिस्ट पाहिजे होते. काही महिन्यांनी महानंदाला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि दिवाळी झाल्यावर तिला नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत टायपिस्टची जागा मिळाली. पहिल्या दिवशी ती कामाला निघाली तेव्हा नवरा सायकलवरून स्टँडपर्यंत सोडायला आला होता.

पुढच्या वर्षी सुगीनंतर एका रविवारी टेम्पो वस्तीवर आला. महानंदा पुढं बसली होती, मागं पोती होती. मारोतीच्या पोरांनी पोती उतरवली. धुरपताबाईनं दाणा दाताखाली फोडून बघितला, मान डोलावली, आणि मग मोजलं. पाच पोती होती.

"चारच होती गं," ती म्हणाली.

"पाचवं माझ्याकडून, आजी. फंडाला."

धुरपताबाईचा चेहरा कडक झाला. "न्हाई. आज तू पाचवं दिलंस तर उद्या दुसऱ्याला चार देताना लाज वाटंल. मंग तेच व्याज झालं की. उचला ते. टेम्पोत ठेवा."

महानंदा गोंधळली. तिनं आपल्या आजीकडं बघितलं. सरजाबाईला आता नीट दिसत नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली होती.

"धुरपते," ती म्हणाली, "ती म्हणून राहिली देते. व्याज मागून घेतलं तर व्याज. मागितलं न्हाई तर कसलं व्याज?"

"अक्का, तू पुन्यांदा सुरू केलंस?"

"हाव. सुरू केलं."

दोघी पुन्हा जुंपल्या. नव्या बायांना काय चाललंय ते कळेना, जुन्या बायांना कळलं आणि त्या पदर खोचून ऐकायला बसल्या. पोतं कणगीत टाकायचं नाही यावर धुरपताबाई ठाम होती आणि परत पाठवायचं नाही यावर सरजाबाई. ऊन चढलं. टेम्पोवाला कंटाळून झाडाखाली जाऊन झोपला. अखेर आजवर वस्तीत मोठ्यानं न बोललेल्या नागुबाईनं तोंड उघडलं.

"कणगीत बी नगं, माघारी बी नगं. दळून आणा. आज सगळी वस्ती मिळून खाऊ."

यावर भांडायला दोघींपैकी कुणालाही काही सापडलं नाही.

पोरांनी पोतं पुन्हा टेम्पोत चढवलं, टेम्पोवाल्याला उठवलं आणि पिठाची डबडी घेऊन ती मुरुडच्या गिरणीत गेली. बायांनी विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत चुली मांडल्या. कुणाच्या घरून वांगी आली, कुणाच्या घरून मिरच्या, रामकिशननं गूळ आणला. महानंदा साडीचा पदर कमरेला खोचून आजीशेजारी भाकरी थापायला बसली. ऑफिसात बसून तिचा हात गेला होता, पहिली भाकरी वाकडी झाली. सरजाबाईनं ती हातानं चाचपली, "ही टायपिंगची भाकरी हाय," म्हणाली आणि स्वतःच्या ताटात घेतली. धुरपताबाई पंगतीतून फिरत होती, एका हातात भाकरीची पाटी, एका हातात कालवणाची बादली, आणि बस म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकत होती.